कोळ्यांची वाटणी

करंजबोडीत बायनाबाई निमगडेच्या घरी जायचं, तर पायताणं कुठं काढायची याचा विचार घरूनच करून निघावं लागे. अंगणाबाहेर काढली तर बोळातली कुत्री नेत. अंगणात काढली तर बायनाबाई ती दोन बोटांत धरून बाहेर ठेवी, आणि मग कुत्री नेत. बाईचे वडील छप्पन साली बैलगाडीनं चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा त्यांनी लेकीला बजावलं होतं की आजपासून आपल्या घराकडे कोणाला बोट दाखवता येऊ नये. वडिलांचा मतलब मोठा होता, पण लेकीच्या हातात त्या वेळी झाडू होता. पुढं तिनं एका खाजगी दवाखान्यात पंधरा वर्षं आया म्हणून काम केलं, आणि तिथल्या फिनाईलचा वास तिच्या लुगड्याला जो लागला तो कायमचा. कोणाच्या घरी बारसं असो की तेरवी, बायनाबाई आधी आढ्याकडे बघे. जाळं दिसलं की घरमालकिणीकडे बघे. बोलत काही नसे. शेजारच्या रंभाच्या नातवाच्या बारशाला तिनं असं दोनदा बघितलं होतं आणि तेव्हापासून रंभा तिच्याशी फक्त भिंतीवरून बोले.

अशा बाईच्या नशिबी विलायती गिधाडं आली.

खरं म्हणजे त्र्याऐंशी साली तिनं योजनेचा फारम भरला होता तो शेळ्यांसाठी. नवरा वारलेला, गुडघा धरलेला, धानाच्या रोवण्याच्या चिखलात वाकणं होईना. तालुक्याला गेली तेव्हा कळलं की शेळ्या संपल्या. बाबूनं कागद उलटेपालटे केले आणि उरलंय ते हे म्हणून अकरा पिल्लांची टोपली पुढं सरकवली. टर्की म्हणतात, मोठे झाले की दहा-दहा किलो भरतात, असं सांगितलं. बायनाबाईला वाटलं बाबू दोन पायांच्या शेळीबद्दल बोलतोय. पण रिकाम्या हातानं परतायचं नाही म्हणून तिनं टोपली मांडीवर घेऊन एसटीतून घरी आणली.

पिल्लं वाढली आणि गाव बघायला लोटलं. उघडी लाल मान, गळ्याला लोंबणारं कातडं, राग आला की चेहरा लालाचा निळा, निळ्याचा पांढरा. नर फुगून शेपटीचा पंखा करून चालू लागला की पोरं म्हणत, सरपंच आले. हे वामनराव सरपंचांच्या कानावर गेलंच. त्यात या पक्ष्यांना एक खोड होती. कोणी मोठ्यानं बोललं, की सगळे नर एका दमात माना पुढं करून गुडूगुडू ओरडत. बोलणारा थांबला की तेही थांबत. वामनरावांचं घर बोळाच्या पलीकडे, समोरासमोर, आणि वामनरावांना हळू बोलता येत नसे. ते ओसरीवरून गड्याला हाक मारत आणि समोरून सगळे नर त्यांना होकार देत.

पंचाऐंशी सालापर्यंत अकराचे पन्नासवर झाले. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या गेस्ट हाऊसचा खानसामा नाताळाआधी जीप घेऊन येई आणि पंधरा-वीस पक्षी उचलून नेई. बायनाबाईचं वर्षाचं त्यात भागे. सगळं ठीक होतं. फक्त पन्नास पक्षी खातात म्हटल्यावर बाकीचंही करतात, आणि भादव्यात त्यावर माशा येतात.

त्या वर्षी अशा आल्या की केसरबाईनं, म्हणजे सरपंचांच्या बायकोनं, चहा उघडा देण्याऐवजी कपावर बशी झाकून द्यायला सुरुवात केली. पिणाऱ्यानं बशी उचलायची, घोट घ्यायचा, पुन्हा झाकायचं. ब्रह्मपुरीहून त्यांचे व्याही आले होते. त्यांना ही रीत कोणी सांगितली नव्हती. त्यांनी बशी खाली ठेवली, राजकारणावर चार शब्द बोलले आणि मग कप उचलला. जे व्हायचं ते झालं. व्याही संध्याकाळच्या जीपनं परत गेले.

दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत ठराव झाला. दसऱ्यापर्यंत माशा हटल्या नाहीत तर निमगडेबाईंचे पक्षी गावाच्या शिवेबाहेर न्यावेत. आता करंजबोडीच्या शिवेबाहेर एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आहे आणि बोडीच्या पलीकडे जंगल. तिथं पन्नास पक्षी बांधायचे म्हणजे बिबट्याला ताट वाढून वर पाणी ठेवण्यासारखं. ठराव लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक होतं, ऐकणाऱ्यांनाही. बायनाबाई ठराव ऐकून घरी आली आणि तिनं खराटा घेतला.

खराट्यानं काही झालं नाही. फिनाईल ओतलं, तर पक्षी शिंकले आणि माशा दोन दिवस रंभाकडे राहून परत आल्या. पांढरी पावडर मारली, तर माशा मेल्या, पण मेलेल्या माशा खाऊन तीन पिल्लंही मेली. तेव्हा बाईनं पावडरीचा डबा मातीत पुरला आणि प्रथमच दोन हात डोक्याला लावून बसली.

त्या दिवशी सोमारी आली. सोमारी जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, गोंड बाई. दर बाजारी चारोळी, डिंक, शिंदीच्या चटया घेऊन यायची आणि बायनाबाईच्या अंगणात पाणी प्यायची. पायताणं तिला नव्हतीच, त्यामुळे दोघींचं जमे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्या गुरांच्या कोठ्यात माशी टिकत नाही, आम्ही बोरीवरून कोळ्यांचा टोला आणून टांगतो.

बोरी-बाभळीच्या काट्यांत राखी रंगाचं, वाळक्या पानांचं, स्पंजासारखं गाठोडं असतं. त्यात शेदोनशे कोळी एका घरात राहतात, एकाच जाळ्यावर शिकार करतात आणि एकाच पंगतीत जेवतात. वाटाण्याएवढे असतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. पुढच्या बाजारी सोमारी अशी एक फांदी डोक्यावर घेऊन आली. बायनाबाईनं तोंडाला पदर लावून ती हातभर लांबून घेतली आणि खुराड्यात खुंटीला अडकवली. ती वळते न वळते तोच सात-आठ नर पुढं झाले. दहा मिनिटांत गाठोडं, पानं, कोळी सगळं साफ. नंतर काही वेळ ते पक्षी फांदीतले काटे तपासत होते.

सोमारी हसून हसून खाली बसली. "बाई, तुह्या गिधाडाईनं त अख्खा टोला खाल्ला."

"हसू नको. दुसरा आण," बायनाबाई म्हणाली.

दुसरी फांदी आढ्याला टांगली, खाली बांबूची तट्टी आडवी बांधली, आणि टर्क्यांच्या माना पोचणार नाहीत हे बायनाबाईनं स्वतः काठीनं मापून पाहिलं. पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी आढ्यापासून वळचणीपर्यंत जाळ्याचा एक मळकट पडदा उभा राहिला. माशा उजेडाकडे जायच्या आणि वाटेत अडकायच्या. एक अडकली की दहा-बारा कोळी निघत, कोणी पाय धरी, कोणी पंख, आणि तिला सावकाश आत नेत, जशी तापाची बाई दवाखान्यात नेतात. आठवड्यात खुराड्यातला घोंघाट बंद झाला. रात्री बायनाबाईला त्या शांततेनं झोप येईना.

झोप न येण्याचं दुसरं कारण म्हणजे तिच्या घरात जाळं होतं. साधं नाही, बैलगाडीवर ताडपत्री टाकतात तेवढं. दिवसातून दोनदा तिचा हात आपोआप झाडूकडे जाई. शेवटी तिनं झाडूला फडकं बांधून तो पेटीमागे ठेवला. बातमी लपण्यासारखी नव्हतीच. मोहल्ल्यातल्या बाया पाव्हण्यासारख्या येऊ लागल्या. रंभा तीनदा आली, तीही दारातून. आली की आढ्याकडे बघे, मग बायनाबाईकडे बघे. बोलत काही नसे.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मोजणी ठरली. माशा हटल्या की नाही हे तोंडी कोणाचं मानायचं, म्हणून पंचायतीनं पत्रू कोतवालाला नेमलं. पद्धत अशी ठरली की एका पितळी ताटलीत ओला गूळ ठेवायचा आणि एक विडी संपेपर्यंत त्यावर किती माशा बसतात ते मोजायचं. आधी खुराड्यात, मग सरपंचांच्या ओसरीवर. यावर लगेच वाद निघाले. विडी कोणत्या छापाची? कोण ओढणार? बसलेली माशी उडून पुन्हा बसली तर एक धरायची की दोन? वामनराव म्हणाले दोन. बायनाबाईनं विचारलं, सरपंच बैठकीतून उठून पाणी पिऊन आले तर दोन सरपंच धरायचे का? तेव्हा एकच धरायचं ठरलं.

पत्रूनं विडी पेटवली. त्याला मोजता मोजता ओढायची सवय नव्हती. तो बारापर्यंत गेला की झुरका विसरे आणि विडी विझे. दुसऱ्या खेपेला मोजणी जमत आली, तेवढ्यात वामनराव नीट बघ रे म्हणून ओरडले, वीस नर गुडूगुडू ओरडले आणि होत्या तेवढ्या माशा उडाल्या. तिसऱ्या खेपेला सरपंचांना बोळात उभं केलं. अखेर आकडा आला: खुराड्यात चार. मग ताटली ओसरीवर नेली. तिथं पत्रूची विडी अर्धीच झाली होती आणि आकडा सदुसष्टावर गेला. पुढं त्यानं मोजायचं सोडून नुसती विडी ओढली.

सगळ्यांना वाटलं बाई जिंकली. पण वामनराव वीस वर्षं पंचायतीत होते. त्यांनी घसा साफ केला आणि मांडणी केली की माशा मुळात टर्क्यांच्याच. बाईनं कोळी आणले, म्हणून माशा भिऊन समोर आश्रयाला आल्या. म्हणजे आधी निदान बोळाच्या दोन्ही बाजूंना वाटून होत्या, त्या आता बाईनं सगळ्या आमच्यावर घातल्या. बाईनं आपल्या माशा परत न्याव्यात.

पंचांनी माना डोलावल्या.

बायनाबाई पदर खोचून पुढं आली. "नेतो ना भाऊ. माह्या कोणत्या, तुमच्या कोणत्या, तेवढं वेगळं करून द्या. तुमची एकही मले नको."

वामनरावांनी ताटलीकडे पाहिलं. पत्रूनंही पाहिलं. मग सगळेच माशांचे चेहरे बघू लागले.

शेवटी मधला मार्ग निघाला, आणि असा मार्ग करंजबोडीशिवाय दुसऱ्या गावात निघाला नसता. तिथं शेताची, बैलांची, विहिरीच्या पाण्याची वाटणी होत आलेली, सगळ्यांना तेच येत होतं. माशा जर दोन्हीकडे आहेत तर कोळी एकीकडेच का, असं एका पंचानं विचारलं. कोळ्यांची वाटणी करावी; अर्धे सरपंचांना द्यावेत; आणि पक्ष्यांचा निकाल कार्तिक पौर्णिमेपर्यंत पुढं ढकलावा. बायनाबाईच्या घरचं पाणी वामनरावांच्या घरात आजवर कोणी प्यालं नव्हतं. कोळ्यांबद्दल मात्र कोणी हरकत घेतली नाही.

वाटणीला सोमारीला बोलावलं. तिनं फांदी खाली घेतली, विळ्यानं गाठोडं मधोमध चिरलं आणि एक भाग वामनरावांपुढं धरला. वामनराव म्हणाले, बरोबर अर्धे आहेत कशावरून, मोजून द्या. सोमारीनं गाठोडं आणखी पुढं केलं. "मोजा ना भाऊ. हात घाला आत."

वामनराव म्हणाले की अंदाजानं ठीक दिसतंय.

केसरबाईनं आधी आकांत केला. सरपंचाच्या ओसरीवर जाळं, दिवाळी तोंडावर, लोक काय म्हणतील. पण पंधरा दिवसांत कपावरची बशी खाली आली आणि तिचा आवाजही. वामनराव तर बदलूनच गेले. सकाळी दात घासत ओसरीखाली उभे राहून ते कोळ्यांचं जेवण बघत. आलेल्या-गेलेल्याला दाखवत. कोणी जोरात बोललं तर हळू बोला म्हणत, कोळी बिचकतात. हळूहळू त्यांच्या सांगण्यातून सोमारी गळाली, मग बायनाबाई गळाली, आणि दिवाळीच्या आधीच त्यांनी वर अर्ज पाठवला की करंजबोडी ग्रामपंचायतीनं सरपंचांच्या कल्पनेतून बिनखर्ची माशी निर्मूलन यशस्वी केलं आहे, तरी साहेबांनी पाहणी करावी. असे अर्ज सहसा कोणी वाचत नाही. हा वाचला गेला. साहेब कार्तिक पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येणार, असं पत्र आलं.

इकडे पक्ष्यांचा निकाल पौर्णिमेला होताच. बायनाबाईनं जाऊन विचारलं की आता तुमच्याकडे माशी नाही, माझ्याकडे नाही, तर ठराव रद्द धरायचा का? वामनराव म्हणाले की तसं नाही. माशी गेली ती कोळ्यांमुळे. पण मूळ जोवर समोर आहे तोवर गावाला धोका आहे. साहेबांसमोर तर खुराडं नकोच, उलट आधीच हलवलं तर बरं. बाई घरी आली. बारा दिवस उरले होते. तिनं दोन नर निवडून वेगळे बांधले. बोडीपलीकडे पहिल्या रात्री बिबट्याला तेच पुढं करावेत, म्हणजे बाकीच्यांना एक दिवस मिळेल, असा तिचा हिशोब होता. मग त्यांच्याकडे बघवेना, म्हणून पुन्हा सोडून दिले.

आणि थंडी पडली. थंडीत माशा कमी होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोळ्यांच्या बाजूनं याचा विचार कोणी केला नव्हता. बायनाबाईच्या खुराड्यात पन्नास पक्ष्यांची ऊब आणि मागे धगधगणारं खत होतं, तिथं कोळ्यांना रोज चार घास मिळत. ओसरीवर मात्र उपवास सुरू झाला. जाळं फाटलं, तर कोणी शिवायला येईना. कोळी गाठोड्यात जाऊन बसले. वामनरावांनी गूळ ठेवला, मुंग्या आल्या. मासळीची डोकी टांगली, मांजर आली. साहेब यायला सहा दिवस उरले तेव्हा त्यांनी सोमारीला बोलावणं पाठवलं. ती बघून म्हणाली की कोळी जिवंत आहेत. पण खायलाच नाही तर जाळं कशाला टाकतील?

म्हणजे साहेबांना दाखवायला उरलं होतं एक वाळकं गाठोडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव बायनाबाईच्या दारात आले. पायताणं काढून कुठं ठेवावीत हे त्यांना कळेना, म्हणून हातात धरून उभे राहिले. आधी तब्येतीचं विचारलं. मग थंडीचं. बाईनं सगळ्याची उत्तरं दिली आणि काय काम ते विचारलं नाही. रंभा भिंतीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

"बाई," वामनराव इतक्या हळू म्हणाले की एकाही पक्ष्यानं मान उचलली नाही, "थोड्या माशा पाह्यजे होत्या."

बायनाबाईनं कान पुढं केला. त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

"माशा त भाऊ पक्ष्याईच्या हायेत," ती म्हणाली. "अन् पक्षी त पुनवेले चालले. कुठून देऊ?"

वामनराव म्हणाले की ते बघू. बाई म्हणाली, बघू नाही. रजिस्टर आणा, पत्रूला आणा, लिहा, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा; मग माशांचं बोलू. दुपारी पंच जमले. जुना ठराव रद्द झाला. नव्या ठरावात काय लिहायचं यावर घोळ झाला, कारण माशा ठेवण्यासाठी पक्षी ठेवावेत असं लिहायला लेखणी धजेना. अखेर लिहिलं की माशी निर्मूलनाच्या कामी अखंड माशी पुरवठा आवश्यक असल्याने निमगडेबाईंचे पक्षी आहेत त्याच जागी कायम ठेवावेत. पत्रूनं ते दोनदा वाचलं. बाईनं अंगठा उठवला नाही, सही केली, पूर्ण नावाची.

मग सोमारीनं तोड सांगितली. माशा धरून नेता येत नाहीत. खताच्या ढिगातल्या अळ्या न्याव्या लागतील, आणि उबेत ठेवल्या तर चार-पाच दिवसांत उडतील. न्यायला गडी तयार होईना. म्हणून सरपंचांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि टर्क्यांच्या खताची वळवळती टोपली स्वतः उचलून बोळ ओलांडला. बोळात गर्दी होती; सगळ्यांना त्याच वेळी काही ना काही काम निघालं होतं. ओसरीखाली टोपली ठेवून त्यावर गोणपाट पांघरलं. रात्री कंदील ठेवला. दिवसा गावातल्या कोंबड्या अळ्यांच्या वासानं येत, त्यांना हाकलायला वामनराव काठी घेऊन बसत. पाच दिवस करंजबोडीचे सरपंच अळ्या राखत होते. केसरबाई पहिल्याच दिवशी ब्रह्मपुरीला व्याह्यांकडे निघून गेली, आणि जाताना म्हणाली की त्यांच्या घरी चहा निवांत पिता येतो.

साहेब आले त्या सकाळी पहिली माशी उडाली. मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या. कोळी दोन दिवसांपासूनच चाहूल घेऊन जाळं विणत होते. साहेब चष्मा पुसून ओसरीखाली उभे राहिले. एक माशी अडकली, गाठोड्यातून चौदा कोळी निघाले, आणि सगळं गाव एक पाऊल पुढं सरकलं. साहेब खूश झाले. मग त्यांनी सरकारी माणसानं विचारायचा प्रश्न विचारला: थंडीतही इतक्या माशा कुठून येतात?

वामनरावांनी घाईघाईनं रजिस्टर उघडून ठराव पुढं केला. साहेबांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि त्याखाली 'पाहिले' लिहून सही ठोकली. मग मान वर करून विचारलं, या निमगडेबाई कोण?

बायनाबाई मागच्या बाजूला उभी होती. धुतलेलं पांढरं लुगडं, फिनाईलचा मंद वास. सरपंचांनी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, योग्य शब्द शोधला आणि अदबीनं म्हणाले, "ह्या आमच्या गावच्या माशावाल्या बाई, साहेब."

रंभा खो-खो हसली. सगळा मोहल्ला हसला. बायनाबाई हसली नाही. तिनं साहेबांना जयभीम घातला आणि त्या सहीच्या कागदाची नक्कल आजच्या आज मिळेल का, ते विचारलं.